तान्ह्या पोळ्याची खिचडी

शाल्मली डबा विसरून गेली म्हणून केशवरावांना ते दिसलं. नाहीतर आणखी किती दिवस दिसलं नसतं, कोण जाणे.

शाल्मली म्हणजे त्यांची सून. सिंदीहून सात किलोमीटरवर धामणखेडा आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिक्षिका. शाळा साडेदहाची. घरून ती पावणेदहालाच निघायची. त्या दिवशी डबा ओट्यावरच राहिला. मुलगा निशांत सकाळीच गाडीने बुटीबोरीला कंपनीत गेलेला. घरात केशवराव एकटेच. त्यांनी जुनी मोटरसायकल काढली आणि डबा हँडलला अडकवून निघाले.

गावाच्या अलीकडे नाल्यावर एक बुटका पूल आहे. तिथून शाळा सरळ समोर दिसते. त्या पुलाच्या कठड्यावर शाल्मली बसली होती. स्कूटी बाजूला लावलेली. डोक्यावर हेल्मेट तसंच, पट्टासुद्धा काढलेला नाही. रडत नव्हती, फोनवर बोलत नव्हती. नुसती बसली होती. घड्याळात दहा चाळीस झाले होते आणि शाळेतून पोरांच्या प्रार्थनेचा आवाज येत होता.

"गाडी बंद पडली का बेटा?"

ती दचकली. "नाई बाबा. निघालीच होती." तिने डबा घेतला, स्कूटी सुरू केली आणि गेली. शाळेच्या फाटकापाशी दोन मुलं तिची वाट पाहत उभी होती. त्यांनी तिची पिशवी घेतली.

केशवराव तिथेच उभे राहिले. तेवढ्यात खिचडी शिजवणारी कमलाबाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आली.

"मॅडमचे सासरे ना तुम्ही?" ती म्हणाली. "आज लवकर उठली मॅडम. कधी कधी अकरा वाजवते."

"म्हणजे रोज बसते?"

"दिवाळीपासून तर मीच पाहून राह्यली. पोरंही पाह्यतेत खिडकीतून. प्रार्थना तेच घेतेत बिचारे. मी कोणाले बोलली नाई हो, मले कायले पंचाईत."

केशवराव घरी आले आणि ओसरीत बसले. याच सुनेला लग्न ठरताना त्यांनी विचारलं होतं, नोकरी आवडते का, तर ती दहा मिनिटं फक्त पोरांबद्दल बोलत होती. निशांत तेव्हा हसला होता. शाळेच्या भिंतीवरची बाराखडी तिने स्वतः सुट्टीत जाऊन रंगवली होती. ती बाई पुलावर हेल्मेट घालून बसते कशी?

रात्री जेवताना त्यांनी निशांतसमोरच विचारलं. निशांत म्हणाला, "थकली असन. सुट्ट्या लागू दे." शाल्मलीने ताट उचललं. वर्ध्याला एका डॉक्टरला दाखवलं. रक्त तपासलं, बीपी तपासलं, थायरॉइड तपासलं. सगळं नीट. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सकाळी फिरायला सांगितलं. सात किलोमीटर तर ती रोज जातच होती.

मग एका रविवारी तिने कपाटातून एक फाइल काढली आणि केशवरावांसमोर ठेवली. आत टाइप केलेला कागद होता. राजीनामा. फक्त सही आणि तारीख राहिली होती.

"तुम्हाले न सांगता द्यायचा नव्हता," ती म्हणाली.

केशवरावांनी तो दोनदा वाचला. कारणाच्या जागी 'वैयक्तिक' लिहिलं होतं. त्यांना तो शब्द समजत होता, पण त्याच्यामागचं काही समजत नव्हतं.

"काऊन पण?"

"मलेच नाई सांगता येत बाबा."

"कोणी बोललं का? साहेब? गावातलं कोणी?"

"नाई."

"मग?"

ती फाइलचा बंद गुंडाळत राहिली.

केशवरावांची बायको सुमती हिनेही जिल्हा परिषदेच्या शाळांतच एकतीस वर्षं काढली होती. गेल्या कार्तिकात ती गेली. एकतीस वर्षांत तिने राजीनाम्याचं नाव काढलं नव्हतं. शाल्मलीला तर नऊच वर्षं झाली होती. सुमती असती तर तिने सुनेला काय म्हटलं असतं, याचा त्यांनी पुष्कळ विचार केला, पण डोक्यात तिचा आवाजच येईना. हल्ली तसं होऊ लागलं होतं. चेहरा यायचा, आवाज नाही.

"पोळा होऊ दे," शेवटी ते म्हणाले. "पोळ्यापर्यंत थांब. मग तू म्हणशील तसं. तोवर मले पाहू दे."

"काय पाहता?"

"पाहतो ना."

केशवराव सिंदीच्याच एका कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते. सरकी काढायचं जिन अचानक थांबलं की मालक ओरडायचा आणि मजूर आपापले अंदाज सांगायचे. केशवराव कोणाचंच ऐकत नसत. आधी पट्टा उतरवायचा, मग एकेक ठिकाणी हात घालून पाहायचा. कुठेतरी काहीतरी अडकलेलं असतंच. ते काढलं की जिन चालतं. आतापर्यंत असं एकही जिन त्यांना भेटलं नव्हतं, ज्यात काहीच अडकलेलं नाही आणि तरी ते बंद आहे.

म्हणून ते आठवडाभर शाल्मलीकडे बघत राहिले. सकाळी पोळ्या लाटताना ती मोबाइल पाहायची. हजेरी टाका. खिचडी किती मुलांनी खाल्ली ते टाका. झाडं लावल्याचा फोटो टाका. हात धुतानाचा फोटो टाका. आधार जुळत नसलेल्या मुलांची यादी आज पाच वाजेपर्यंत पाठवा, हे तिसरं स्मरणपत्र. शाळेत चार वर्ग आणि दोन शिक्षक. त्यातले बाबाराव सर मतदार यादीच्या कामाला, म्हणजे एकटी शाल्मली. मुख्याध्यापकाचा चार्जही तिच्याकडेच. रात्री दहा वाजता मोबाइल वाजायचा आणि ती जेवता जेवता उठायची.

केशवरावांना वाटलं, सापडलं. हेच अडकलं आहे.

"तो मोबाइल माह्याकडे दे," ते म्हणाले. "शाळेचा. मी भरतो सगळं."

"तुम्ही?" निशांतला हसू आलं. "बाबा, तुम्हाले गॅसचं बुकिंग येत नाई."

"गॅसचं नाई येत. हे शिकीन."

आणि ते शिकले. चार दिवस शाल्मलीने दाखवलं. त्यांनी वहीत एकेक पायरी लिहून घेतली: हिरवं बटन, मग महिना, मग तारीख, मग आकडा. सकाळी ती शाळेतून आपल्या फोनवरून मुलांची संख्या पाठवायची, सत्तावीस, एकोणतीस, आणि केशवराव चष्मा नाकावर घेऊन बरोबर अकरा वाजता ती भरायचे. फोटो ती पाठवायची, ते चढवायचे. याद्याही तेच जुळवायचे. दोनदा ती आकडा पाठवायला विसरली. त्यांनी आपल्याच मनाने पटावरचे एकतीस टाकले. काही झालं नाही. त्यांना बरं वाटलं. किती महिन्यांनी त्यांना सकाळी उठायला कारण मिळालं होतं. कोणी विचारलं तर सांगायचे, "ऑफिसचं काम हाये."

दोन आठवड्यांनी त्यांनी कमलाबाईला फोन केला.

"आता बसत नसेल ना मॅडम?"

"बसते ना," कमलाबाई म्हणाली. "आता तर मोबाइलही नसते हातात. नुसती पाण्याकडे पाह्यत राह्यते."

केशवराव फोन हातात धरून बसले. पट्टा उतरवला होता, हात घातला होता, अडकलेलं काढलं होतं. तरी जिन बंदच.

पोळ्याला शाल्मली आणि निशांत आंजीला तिच्या माहेरी गेले. तिच्या भावाकडे बैलजोडी आहे, दर वर्षी बोलावणं असतं. केशवरावांनाही चला म्हणाले. ते म्हणाले, "घरी कोणीतरी पाह्यजे." घरी कोण कशाला पाहिजे हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सुमतीशिवायचा पहिला पोळा होता. त्यांना दुसऱ्याच्या अंगणात बसायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा. सिंदीचा तान्हा पोळा पाहायला लांबून माणसं येतात. घराएवढे लाकडी नंदी चाकांवर ओढत नेतात. सकाळपासून पोरं आपापले लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती. केशवरावांच्या दारातही आली. बोजारा, म्हणजे बैल घेऊन आलेल्या पोरांना नाणं, द्यायचं काम दर वर्षी सुमतीचं. ती सगळ्यांना नावाने ओळखायची, बैलाचं नाव विचारायची, बैलाला कुंकू लावायची आणि मग पोराच्या हातात नाणं द्यायची. केशवरावांना बैलांची नावं विचारायचं सुचलं नाही. त्यांनी नाणी दिली. एक लहान मुलगी म्हणाली, "आजोबा, टिक्का नाई लावला." तेव्हा ते आत जाऊन कुंकू शोधू लागले. करंडा सापडेना. देवघरात नव्हता, कपाटात नव्हता. शेवटी हळद लावली.

आत आले तेव्हा अकराला पाच मिनिटं होती. शाळेचा मोबाइल पाहिला. आकडा आलेला नव्हता. विसरली वाटते, ते मनाशी म्हणाले. हिरवं बटन, महिना, तारीख, एकतीस. बाहेर ढोल वाजत होते, पोरं ओरडत होती, आणि केशवराव चष्मा पुसत होते. शाळेला सुट्टी आहे, सगळ्या जिल्ह्यातली पोरं रस्त्यावर आहेत, आताच आपण त्यांना बोजारा दिला, यातलं एकही त्यांच्या मनात त्या आकड्याशेजारी येऊन उभं राहिलं नाही.

तीन दिवसांनी केंद्रप्रमुख धर्मेंद्र सरांनी सगळ्या शिक्षकांच्या गटावर टाकलं. 'धामणखेडा शाळेत तान्ह्या पोळ्याच्या सुट्टीच्या दिवशी ३१ विद्यार्थ्यांनी पोषण आहार घेतल्याची नोंद आढळली. तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.' खाली कोणीतरी हसण्याचं चित्र टाकलं आणि लगेच पुसलं.

शाल्मली संध्याकाळी शाळेतून आली. केशवरावांनी मोबाइल तिच्यापुढे धरला.

"माह्यी चूक हाये. मी जातो साहेबाकडे. मी सांगतो."

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग ती हसायला लागली. "एकतीसच्या एकतीस! बाबा, शाळा चालू असते तेव्हाही इतके येत नाईत हो!" ती पोट धरून हसली. निशांत स्वयंपाकघरातून बाहेर आला, तोही हसला. केशवरावांनाही थोडं हसू आलं. कितीतरी दिवसांनी घरात असा आवाज झाला होता. मग निशांतच्या लक्षात आलं की ती आता हसत नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली होती.

केशवराव तिच्यासमोर बसले. "मी सांगतो ना साहेबाले. तुह्यावर काही येणार नाई."

"त्याचं नाई बाबा."

"मग?"

तिने मोबाइल बाजूला सारला. मग म्हणाली, "रुचिका हाये तिसरीत. दिवाळीच्या आधी ती माह्याजवळ आली. म्हणाली, मॅडम, आमची आजी मेली. मी म्हटलं, बरं, वही काढ."

"हं."

"वही काढ म्हटलं मी तिले. आणि तिनं काढली. दिवसभर लिहिलं तिनं. रात्री भांडे घासताना मले आठवलं, ती काय बोलली होती. तेव्हाही मले वाईट नाई वाटलं. वाईट वाटाले पाह्यजे, एवढंच कळलं. तेव्हापासून पुलावर येते अन् पाय उचलत नाई. माह्यासमोर वर्गभर पोरं बसतात अन् मले काहीच होत नाई. नुसता आकडा. तुम्ही भरता ना, तसा."

निशांत म्हणाला, "अगं, एका वेळी होते असं. तू कायले एवढं..."

"एका वेळी नाई रे," ती म्हणाली.

केशवरावांना तोंड उघडून काही समजुतीचं बोलायचं होतं. घरातला मोठा माणूस म्हणून ते काम त्यांचं होतं. पण त्यांना आठवलं ते भलतंच. सुमतीच्या तेरवीला अंगणात पंगत बसली होती. त्यांची बहीण रडत होती, सुमतीच्या शाळेतल्या बाया रडत होत्या, आणि ते उभे राहून मठ्ठा पुरेल की नाही याचा हिशेब करत होते. तो मनापासून करत होते. बाकी आत काही नव्हतं. लोक म्हणाले, केशवराव धीराचा माणूस आहे. त्यांनी ते कोणाला खोडून सांगितलं नाही.

आणि मग सुमतीच आठवली. शाळेतून यायची ती सहाच्या सुमाराला, आणि आत येण्याआधी पायरीवर बसायची. पायात चपला तशाच. दहा मिनिटं, कधी वीस. ते आतून म्हणायचे, "आत ये ना, पाहुणी हायेस काय?" ती म्हणायची, "आलीच." त्यांना वाटायचं पाय दुखतात. त्यांनी वर्ध्याहून मऊ तळाच्या चपला आणल्या होत्या. सुमतीने त्या घातल्या, छान आहेत म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घालून पायरीवर बसू लागली. एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही तिच्या शेजारी बसून विचारलं नव्हतं, की काय गं.

कदाचित पायच दुखत असतील. आता कोणाला विचारायचं?

हे सगळं शाल्मलीला सांगावं असं त्यांना वाटलं. पण ते सांगता येईल असं बोलणं त्यांच्याजवळ नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "मलेही तेरवीले काही वाटलं नव्हतं."

शाल्मलीने त्यांच्याकडे पाहिलं.

"नंतर?" तिने विचारलं.

"नंतर कधी वाटते, कधी नाई. परवा कुंकू सापडलं नाई तेव्हा वाटलं."

दुसऱ्या दिवशी केशवराव तिच्या स्कूटीवर मागे बसून निघाले. साहेब बारा वाजता शाळेत येणार होते. पुलावर तिने गाडी थांबवली नाही, पण वेग इतका कमी केला की ती आपोआप थांबल्यासारखीच झाली. केशवराव उतरले आणि कठड्यावर जाऊन बसले. तीही येऊन बसली. दोघांमध्ये हातभर जागा. नाल्यात गढूळ पाणी होतं, त्यात एक बगळा उभा होता. शाळेत प्रार्थना सुरू होती. त्यांना वाटलं आता काहीतरी विचारावं. नाही विचारलं. मग तीच उठली.

धर्मेंद्र सर आले, खुर्चीत बसले, पाणी प्यायले. केशवरावांनी सगळं खरं सांगितलं. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "काका, घरच्या माणसाने भरलं असं मी वर कसं लिहू? बाईंचीच नोकरी जाईल ना."

"तिची तशीही जाऊन राह्यली," केशवराव म्हणाले.

"म्हणजे?"

शाल्मलीने पिशवीतून फाइल काढली. पोळा होऊन गेला होता. तिने शब्द पाळला होता, आता तिचं मत. तिने राजीनामा काढला, पाहिला आणि पुन्हा फाइलमध्ये ठेवला. मागचा एक कोरा कागद घेतला.

"सर, खुलासा मी लिहिते. चुकीने नोंद झाली, तांदूळ तेवढाच हाये, मोजून घ्या. अन् दुसरा अर्ज देते, रजेचा. दोन महिने."

"दोन महिने!" सर उभेच राहिले. "मॅडम, इथं कोण येईल? बाबाराव सर तिकडे अडकलेले. आणि कारण काय लिहिता? ताप आहे का? प्रमाणपत्र लागेल."

"ताप नाई."

"कंबर? कंबरेचं चालतं. बऱ्याच मॅडम कंबरेचं टाकतात."

शाल्मलीने पेन उघडं धरलं होतं. कारण या शब्दापुढे जागा होती, बोटभर. तिने केशवरावांकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. केशवरावांनी मनातल्या मनात शोधलं, पण जिनिंगमधला कोणताही शब्द तिथे बसेना.

"जे हाये ते लिही," ते म्हणाले.

"काय हाये ते?"

"मले कुठी माहीत."

मग तिने लिहिलं: 'मुलांसमोर उभं राहणं सध्या जमत नाही. पुन्हा जमावं म्हणून.' सरांनी ते वाचलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "असं मी कधी पाहिलं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "वर पाठवतो. परत आलं तर कंबर लिहू." खाली सही करताना ते हळूच म्हणाले, "माझी बायको पण शाळेतच आहे," आणि पेनाचं टोपण लावू लागले.

सर गेल्यावर शाल्मली वर्गात गेली. केशवराव व्हरांड्यात उभे राहून पाहत होते. ती तिसरीच्या बाकाजवळ गेली, एका मुलीशेजारी बसली. रुचिका असावी. शाल्मली काहीतरी विचारत होती. मुलगी बोटांनी दाखवून सांगत होती, एवढी, एवढी वाकलेली, आणि काठी असायची. शाल्मली ऐकत होती. तिचा चेहरा केशवरावांना दिसत नव्हता. तिला काही वाटत होतं की नुसतं कळत होतं, हे त्यांना तिथून ओळखता आलं नाही.

कमलाबाईने खिचडीचं ताट त्यांच्या हातात दिलं.

"खा आजोबा. एकतीसमध्ये तुम्हीही होते ना?"

ते हसले आणि पायरीवर बसले. पायातल्या चपला काढायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.